खाडीचा चिखल रिकामा नाही : तिथं तिवरं लावावीत का?

चिखल्या :
ठाणे खाडीच्या उघड्या चिखलावर कांदळवनाची (मॅन्ग्रोव्हची), मुख्यतः तिवराची, रोपं लावणं थांबवावं, असं माझं ठाम मत आहे. लागवडीला येणारी माणसं मनापासून येतात, गुडघाभर चिखलात उतरतात, त्यांच्याबद्दल आदरच आहे. चूक जागेच्या निवडीत होते.

ओहोटीला उघडा पडलेला चिखल लांबून ओसाड दिसतो. जवळून पाहा, त्याच्यावर हिरवट-तपकिरी साय धरलेली असते. ती डायटम (सूक्ष्म एकपेशीय शैवाल) आणि निळ्या-हिरव्या शैवालाची, उन्हावर वाढणारी. छोटा रोहित, म्हणजे लहान जातीचा फ्लेमिंगो, मान खाली घालून चोच उलटी धरतो, जिभेनं पंपासारखं पाणी आत-बाहेर करतो आणि चोचीतल्या बारीक झालरीतून ही साय गाळून घेतो. त्याच चिखलात बोटभर खाली किडे आणि बारीक शिंपले असतात. तुतवार, चिखले, गॉडविट हजारो किलोमीटर उडून येतात ते त्यांच्यासाठी. तिथं तिवर उभं राहिलं की सावलीनं साय जाते, आणि एकेका मोठ्या झाडाभोवती श्वासमुळांचे हजारो खुंट वर येतात. त्यातून पक्ष्याला चालता येत नाही, लांबून येणारा शिकारीही दिसत नाही. लागवड जगली तर पक्ष्यांचं रान गेलं.

आणि बहुतेकदा ती जगतही नाही. तिवर सरासरी समुद्रपातळी आणि उधाणाच्या (अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या) भरतीची रेषा यांच्या मधल्या पट्ट्यात वाढतं. लागवडीला जागा मिळते ती बहुधा त्याच्या खालची, कारण वरची जमीन कुणाच्या तरी नावावर असते. तिथं रोप भांगाच्या (अष्टमीच्या सुमाराच्या, कमी उंचीच्या) भरतीतही तासन्‌तास बुडतं, मुळांना हवा मिळत नाही. खोडावर बार्नेकल (कवचाचे चिकटून राहणारे जीव) बसतात, वजनानं रोप कलतं, त्यात प्लास्टिकच्या पिशव्या अडकतात आणि पुढच्या उधाणात ते आडवं होतं. अहवालात मात्र लावलेल्या रोपांचा आकडा तसाच राहतो.

वनपट्टा :
पक्ष्यांबद्दलचं सगळं मान्य. पण मुंबईत जमीन वाचते ती कागदावर, आणि कागदावर झाडाला जे वजन आहे ते चिखलाला नाही. ऑक्टोबर २००५ मध्ये उच्च न्यायालयानं कांदळवन तोडायला आणि त्याच्या ५० मीटरच्या आत बांधकाम करायला बंदी घातली. १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालात कांदळवनाचा नाश हा घटनेच्या कलम २१ चा, जगण्याच्या हक्काचा भंग ठरवला. २०१२ मध्ये वन विभागाचा कांदळवन कक्ष आला, सरकारी जमिनीवरच्या कांदळवनाला राखीव वनाचा दर्जा मिळू लागला. हे सारं झाडाला धरून उभं आहे. रात्री डेब्रिजचा डंपर रिकामा झाला तर पंचनाम्यात 'इतकी झाडं गाडली' असं लिहिता येतं. नुसत्या चिखलावर भराव पडला तर काय मोजणार? मला शंभर मीटर चिखल देऊन मागचा किलोमीटरभर वाचवता येत असेल तर मी तो देईन.

चिखल्या :
डंपर रस्त्याकडून येतो, पाण्याकडून नाही. कुंपणच हवं तर ते भरावाच्या कडेला, वरच्या पट्ट्यात उभं करा. तिथं तिवराच्या जोडीला मारांडी, गेवा ही कांदळवनातली इतर झाडंझुडपंही येतात. त्यासाठी शंभर मीटर चिखल देण्याची गरजच नाही.

चिखलाला कायदा नाही हेही खरं नाही. १८ जानेवारी २०१९ च्या सीआरझेड (किनारपट्टी नियमन क्षेत्र) अधिसूचनेत 'जैविकदृष्ट्या सक्रिय' चिखलपट्टे कांदळवनाच्याच वर्गात, सीआरझेड-१ए या सर्वात संवेदनशील वर्गात आहेत. ते कलम कुणी वापरत नाही, ही खरी अडचण आहे.

वनपट्टा :
'सक्रिय' या एका शब्दात सगळी पळवाट आहे. सक्रिय आहे हे कोण ठरवणार? नकाशे उपग्रहचित्रांवर बनतात, आणि चित्र भरतीच्या वेळचं असेल तर चिखल पाणी म्हणून दिसतो. २०१५ चं फ्लेमिंगो अभयारण्य खाडीच्या पश्चिम काठानं, ऐरोली पूल ते वाशी पूल एवढंच आहे. साधारण १,६९० हेक्टरपैकी ८९६ हेक्टर कांदळवन, उरलेलं पाण्याखालचं क्षेत्र. शिवडी-माहुलचा चिखल, जिथं लोक फ्लेमिंगो बघायला जातात, तो त्या हद्दीत नाहीच.

शिवाय भरपाईची लागवड टळत नाही. बुलेट ट्रेनसाठी सुमारे २२ हजार तिवरं तोडायला डिसेंबर २०२२ मध्ये परवानगी मिळाली, ती पाचपट लावण्याच्या हमीवर. दीड मीटरवर एक रोप धरलं तर हेक्टरी ४,४४४ रोपं बसतात. १ लाख १० हजार रोपांना २५ हेक्टर लागणार. चिखल नको म्हणता, तर एवढी जागा कुठून आणायची ते सांगा.

भरतीरेषा :
जागा आहे. रस्त्यांच्या आणि बांधांच्या मागे अडकून सुकलेल्या किंवा कुजलेल्या कांदळवनात आहे. तिथं आधी पाण्याचं बघावं लागतं, रोपांचं नंतर.

तपासणी अशी. जमिनीवर मिठाची पांढरी खपली आणि पानांची टोकं करपलेली दिसली तर भरती आत पोहोचत नाही. उलट पाणी तुंबून श्वासमुळं दिवसचे दिवस बुडालेली, चिखल काळा आणि सडक्या अंड्यासारखा वास, म्हणजे आलेलं पाणी बाहेर जात नाही. दोन्हींचं कारण बहुतेक वेळा एकच निघतं : रस्त्याखालचा एकुलता ह्यूम पाइप (सिमेंटचा गोल नळ), आणि तोही ओढ्याच्या तळापेक्षा हातभर उंच बसवलेला. उधाणाला थोडं पाणी आत येतं आणि अडकून बसतं, भांगाला येतच नाही. पाइपाचा तळ ओढ्याच्या तळाशी जुळवायचा, शक्य तिथं पेटीमोरी (चौकोनी रुंद मोरी) करायची, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर गाळ-प्लास्टिक काढायचं. आतल्या सपाट भागात एक मुख्य चर आणि त्याला तिरके फाटे, माशाच्या काट्यासारखे, काढायचे. तमिळनाडूत पिचावरमला याच पद्धतीनं ओसाड कांदळवन पुन्हा उभं राहिलं. तिवराचं बी पावसाळ्यात गळतं, पाण्यावर तरंगत येतं, साल टाकतं आणि चिखलात रुजतं. पाणी फिरू लागलं की पुष्कळदा लावावं लागतच नाही.

तरीही रोपं लावायचीच असतील तर आधी पातळी बघा. गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हल नळी घ्या. शेजारच्या जिवंत तिवरांची पाण्याकडची शेवटची रांग हा तुमचा संदर्भ. लागवडीची जागा त्या पातळीपेक्षा खाली असेल तर तिथं लावू नका. दुसरा मार्ग म्हणजे दर दहा सेंटिमीटरवर खूण केलेला बांबू ठोकायचा आणि अमावास्येपासून पौर्णिमेपर्यंत नोंद घ्यायची. जमीन दिवसाला सरासरी सात तासांपेक्षा जास्त पाण्याखाली राहत असेल तर रोप टिकणं कठीण.

या मापानं जागा शोधली की २५ हेक्टर एका जागी क्वचित मिळतील, तुकड्यातुकड्यांनी मिळतील. ठेकेदाराला ते नको असतं, कारण चर काढल्याचं बिल रोपांच्या संख्येत बसत नाही. निविदेत 'लावलेली रोपं' याऐवजी 'तीन वर्षांनी जिवंत क्षेत्र' असा निकष घाला आणि बघा.

बोकशी :
तुम्ही सगळे पक्षी आणि झाडं यांच्यावरच बोलताय. या चिखलावर निवट्या (चिखलातले छोटे मासे) आणि चिंबोऱ्या (खेकडे) हातानं धरणारी माणसं आहेत, शिंपल्या गोळा करणाऱ्या बायका आहेत. तिवरं होड्यांच्या वाटेत आली की सुकतीला, म्हणजे ओहोटीला, होडी बाहेर काढता येत नाही, आणि न्यायालयाचा आदेश असल्यानं एक फांदीही छाटता येत नाही. हे कोळीवाड्यांचं जुनं गाऱ्हाणं आहे. कांदळवन आम्हाला हवंच आहे, जिताडा माशाची पिल्लं त्याच्याच मुळांत वाढतात. पण लागवडीचा नकाशा करताना होडीची वाट कुठून जाते हे कोळीवाड्यात येऊन कुणी विचारत नाही.

ओहोळ :
मग चिखलावर आपोआप आलेली रोपटी उपटून टाकावीत का? फ्लेमिंगोंसाठी तेच सरळ नाही का?

वनपट्टा :
अजिबात नाही. आज 'पक्ष्यांसाठी' म्हणून एकाला उपटू दिलं की उद्या बिल्डर तेच कारण घेऊन उभा राहील. २००५ पासून जे कमावलं ते एका हंगामात जाईल.

चिखल्या :
इथं वनपट्टा यांच्याशी पूर्ण सहमत. खाडी गाळानं भरते आहे, चिखल उंचावतो आहे, म्हणून तिवरं स्वतःच पुढे सरकताहेत. गाळ आणि भराव कमी करणं हा त्यावरचा उपाय, कोयता नाही. माझं म्हणणं एवढंच की जे आपोआप चाललंय त्यात आपण हातानं भर घालू नये.

झाडाशिवाय जागा वाचत नाही, या मुद्द्यावर नवी मुंबईतल्या नेरूळचा डीपीएस तलाव बघा. भरतीला खाडीतला चिखल बुडाला की पक्षी तिथं येऊन थांबतात. पाणी आत येण्याच्या वाटा बंद झाल्या आणि २०२४ च्या उन्हाळ्यात तिथं फ्लेमिंगो मेले. लोकांनी तो विषय लावून धरला आणि २०२५ मध्ये राज्यानं ती ३० एकरांची जागा संवर्धन राखीव करण्याचा निर्णय घेतला. ती जागा वाचवायला एकही रोप लावावं लागलं नाही.

वनपट्टा :
तीस एकर, आणि तेही पक्षी मेल्यावर. शिवडीसाठी मला तेवढी वाट बघायची नाही. पण 'सक्रिय' सिद्ध करायचा मार्ग असेल तर मी लागवडीचा हट्ट सोडायला तयार आहे. सांगा, कसं सिद्ध करायचं?

भरतीरेषा :
डिसेंबर ते मार्च, दर पंधरवड्याला दोन फेऱ्या, एक उधाणाच्या ओहोटीला आणि एक भांगाच्या. ठरलेल्या चार-पाच जागांवरून, त्याच दिशेनं फोटो, त्यात अक्षांश-रेखांश, तारीख आणि वेळ. त्या दिवशीच्या भरती-ओहोटीच्या वेळा सोबत जोडा, म्हणजे चिखल किती तास उघडा होता ते दिसतं. पक्षी मोजताना खाणारे आणि नुसते बसलेले वेगळे लिहा. चिखल सक्रिय असल्याचा पुरावा खाणाऱ्यांतून मिळतो. दर जागी एक फूट लांब, एक फूट रुंद, वीतभर खोल चिखल चाळून त्यातले किडे-शिंपले मोजा. हे काम एखाद्या कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागाकडून सही-शिक्क्यानिशी करून घ्या. सीआरझेडच्या किनारा आराखड्याचा मसुदा हरकतींसाठी खुला झाला की सिटी सर्व्हे नंबरासह दाखल करा, आणि एक प्रत कोकण विभागीय आयुक्तांच्या कांदळवन समितीला द्या. बोकशी, होड्यांच्या वाटा आणि निवट्या धरायच्या जागा तुम्ही त्याच नकाशावर आखून दिल्यात तर हरकत दुप्पट भक्कम होईल.

बोकशी :
देतो. पण नकाशा भरतीच्या चित्रावर नको, सुकतीच्या चित्रावर काढा. भरतीच्या चित्रात आमची वाट दिसत नाही.