गुलमर्गला जायचंय, पण पायांचं काय?

(कुटुंबाचा ग्रुप, शनिवारी संध्याकाळपासून रविवारी दुपारपर्यंत)

सुनंदा: नमस्कार सगळ्यांना. फेब्रुवारीतल्या गुलमर्गच्या स्कीइंगच्या कोर्सला माझा नंबर लागलाय. यंदा हेही बरोबर येताहेत. आनंद आहेच, पण एक धास्ती पण आहे. गेल्या वर्षी काय झालं ते मी कुणाला नीट सांगितलं नव्हतं. तिसऱ्या दिवसापासून अकरा वाजले की पायाची बोटं बधिर व्हायची. पाचव्या दिवशी बूट काढला तर उजवा अंगठा पांढराफटक. मग दोन दिवस खोलीत बसून खिडकीतून बाकीच्यांना घसरताना बघत होते. फार वाईट वाटलं होतं. आता ऐकतेय की गरम होणारे बूट मिळतात, बॅटरीवाले. घेऊ का? महाग आहेत, म्हणून आधी विचारते.

ओंकार: आत्या, अभिनंदन! यात तीन-चार प्रकार आहेत. हीटर बसवूनच आलेले स्की बूट, बुटात घालायचे गरम इनसोल, गरम मोजे आणि नुसती बूट गरम ठेवणारी पिशवी. तू स्वतःचे बूट घेणार आहेस की तिथले भाड्याचे?

सुनंदा: भाड्याचेच रे. वर्षातून दहा-बारा दिवसांसाठी बूट कुठे विकत घेऊ?

शैला: सुनंदा, अंगठ्याचं मला का नाही सांगितलंस तेव्हाच? मी तुला लोकरीचे जाड मोजे विणून देते, दोन जोड. एकावर एक घाल, थंडीची काय बिशाद.

अनुजा: मावशी, इथे कॅनडात, कॅल्गरीत आत्ता सकाळ आहे, तुझा मेसेज वाचून चहा तसाच ठेवून लिहायला बसले. माझे इथले आठ हिवाळे झाले आणि पहिल्या दोन हिवाळ्यांत माझं अगदी हेच व्हायचं. आधी मला सांग, गेल्या वर्षी पायात काय काय होतं?

सुनंदा: आतून सुती मोजे, वर लोकरीचे. थर्मल पँटचा खालचा भाग पण बुटात खोचला होता, वारा शिरू नये म्हणून. बूट आतून जरा दमट लागत होते, पण दुकानात गर्दी होती, म्हणून काही बोलले नाही. आणि तिथला मुलगा बकलं जोरात आवळून द्यायचा. सैल राहिले तर पाय मुरगळेल म्हणायचा.

अनुजा: यातल्या एकेका गोष्टीने तुझा पाय गार पडलाय. सविस्तर लिहिते, सगळ्यांनी वाचा.

अंगाला थंडी लागायला लागली की शरीर पोटातली, छातीतली ऊब आधी जपतं आणि हातापायाच्या बोटांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आखडून घेतं. बोटांना स्वतःची ऊब जवळजवळ नसतेच, रक्त घेऊन येईल तेवढीच. चालताना पोटऱ्या आणि तळपायाचे स्नायू हलतात, त्यामुळे रक्त फिरत राहतं. स्की बूट म्हणजे प्लॅस्टिकचं कडक कवच, त्यात घोटा हलत नाही, बोटं वळत नाहीत. तिथे वरून दोन मोजे कोंबले आणि बकलं आवळली की उरलंसुरलं रक्तही अडतं. जाड मोज्यात ऊब धरून ठेवते ती लोकरीत अडकलेली हवा. बुटात मोजा दाबला गेला की ती हवा निघून जाते आणि जाडी फक्त पाय आवळायला उरते.

आणि सुती मोजा तर नकोच. पायाला घाम येतोच, बर्फातही येतो. सूत तो घाम पिऊन ओलं राहतं आणि ओल्या कापडातून ऊब भराभर निघून जाते. एकच पातळ मोजा, मेरिनो लोकरीचा किंवा सिंथेटिक मिसळलेला, गुडघ्याच्या खालपर्यंत येणारा. बुटात मोज्याशिवाय दुसरं काहीही जाता कामा नये. थर्मल पँट बुटाच्या वर संपली पाहिजे, नाहीतर नडगीवर तिची घडी रुतते.

आई, तुझ्या मोज्यांबद्दल वेगळं लिहिते, रागावू नकोस.

शैला: रागावत नाहीये गं. पण पातळ मोजा घालून बर्फात जायचं हे मनाला पटत नाही.

नाना: शैला, पोरगी बरोबर सांगते आहे. मी फौजेत असताना लेहला दोन हिवाळे काढले. नवीन पोरं घरून आलेले मोजे एकावर एक चढवायची आणि त्यांचेच पाय आधी जायचे. आमच्या सुभेदारसाहेबांचा नियम होता, बुटात बोटं हलली पाहिजेत. रोज संध्याकाळी जोडीदाराने जोडीदाराचे पाय तपासायचे, प्रत्येक बोट वेगळं करून. आपलं बधिर झालेलं बोट आपल्याला कळत नाही, दुसऱ्याला दिसतं. कोरड्या मोज्यांचा एक जोड कायम बनियनच्या आत, पोटाशी. सुनंदा, हे मी तुला गेल्या वर्षी जाण्याआधीच सांगायला हवं होतं.

सुनंदा: नाना, तुम्हाला कुठे ठाऊक होतं. मी पण विचारलं नाही.

ओंकार: मग अनुजा, हीटरची गरजच नाही असं म्हणायचंय का?

अनुजा: नाही दादा, असं नाही. मी स्वतः गरम मोजे वापरते. इथे उणे वीसला चेअरलिफ्टवर, म्हणजे डोंगरावर नेणाऱ्या उघड्या खुर्चीवर, दहा मिनिटं पाय लोंबकळत ठेवून बसावं लागतं. सनशाइन या इथल्या स्कीच्या ठिकाणी एका लिफ्टची बसायची जागा गरम असते, तरी पाय गारच पडतात. पण हीटर हा आधार आहे. बूट ओला आणि आवळलेला असेल तर पाच हजाराचा हीटर लावा नाहीतर पन्नास हजाराचा, बोटं गार पडणारच.

मावशी, भाड्याचे बूट असतील तर तुझ्यासाठी गरम मोजेच योग्य. इनसोलचे हीटर चांगले असतात, पण त्यांची वायर बुटाच्या आतल्या मऊ अस्तरातून, म्हणजे लायनरमधून मागे वर काढून बॅटरी बुटाच्या बाहेर अडकवावी लागते. ते काम स्वतःच्या बुटात एकदाच करून घ्यायचं. रोज नवा भाड्याचा बूट मिळाला तर ते जमायचं नाही. हीटर बसवूनच आलेल्या बुटांचंही तेच, ते विकतच घ्यावे लागतात. मोज्यात गरम तार बोटांभोवती असते आणि बॅटरी पोटरीवर, बुटाच्या काठाच्या वर. ती काठाखाली दबत नाही ना, हे घालून बघूनच घे.

ते एकदा फोडून तापणारे छोटे पाऊच मिळतात ना, ते स्की बुटासाठी घेऊ नकोस. त्यात लोखंडाची भुकटी असते, ती हवेतल्या प्राणवायूशी मिळून तापते. घट्ट बुटात हवा नाही म्हणून नीट तापत नाही आणि जागा मात्र खातं. हातमोज्यात ठेवायला छान.

शशिकांत: सर्वांना नमस्कार. मी स्कीइंग करणार नाही, पण गोंडोलाने, म्हणजे तिथल्या रोपवेने, वर जाऊन बर्फात फिरणार आहे. गुलमर्गच्या खालच्या टंगमर्ग गावात भाड्याने गमबूट मिळतात म्हणे. ते ढगळ असतात, त्यात मी गरम मोजे घालावेत असा विचार आहे. सुनंदाबरोबर माझाही एक जोड मागवावा का?

मीरा: काका, थांबा. तुमचा मधुमेह किती वर्षांचा? पंधरा ना? तुम्हाला रात्री पायाला मुंग्या येतात का? तळपायाखाली कापूस ठेवल्यासारखं वाटतं का?

शशिकांत: मुंग्या येतात अधूनमधून. वयामुळे असेल म्हणून लक्ष दिलं नाही.

सुनंदा: अहो, हे तुम्ही मला सांगितलं नाहीत.

मीरा: काका, मग गरम मोजे तुमच्यासाठी नाहीत, अगदी कमीवरसुद्धा. जुन्या मधुमेहात पायाच्या नसांची जाणीव कमी होते. आपल्याला "भाजतंय" असं कळतं म्हणून आपण पाय काढून घेतो, तुम्हाला ते कळणारच नाही. गरम पाण्याची पिशवी, शेकोटी, हीटर यांनी भाजलेले मधुमेही पाय मी दवाखान्यात दर थंडीत बघते. छोटा फोड येतो, आठ दिवस कुणाच्या लक्षात येत नाही, मग जखम चिघळते. हॉटेलात प्रेमाने कांगडी, म्हणजे निखाऱ्यांची टोपली, पुढे करतील, तिच्यावरही पाय धरायचे नाहीत. थंडीचंही तसंच, बोट गारठतंय हे तुम्हाला उशिरा कळेल.

जायच्या आधी पायांची तपासणी करून घ्या. नायलॉनचा बारीक दोरा तळव्यावर हलका दाबून जाणीव बघतात, पाच मिनिटांचं काम आहे. ती ठीक आली तर स्वतःच्या मापाचे, आतून अस्तर असलेले कोरडे बूट घालून जा. गमबुटात पाय घासतो आणि रबरात घाम साचतो. दर अर्ध्या-पाऊण तासाने आत येऊन बसा. आणि नाना म्हणाले तसं रोज रात्री आत्याने तुमचे पाय बघायचे, बोटांच्या मधली जागासुद्धा.

शशिकांत: ठीक आहे मीरा. सोमवारी तपासणीला जातो. स्पष्ट सांगितलंस ते बरं केलंस.

मीरा: आणि आत्या, तुझा तो पांढरा अंगठा. रंग परत यायला किती वेळ लागला? आणि काय केलं होतंस?

सुनंदा: अर्धा तास लागला असेल. शेजारच्या खोलीतल्या बाईंनी जोरजोरात चोळून दिला, मग बुखारीजवळ, म्हणजे खोलीतल्या शेगडीजवळ, धरला. सुया टोचल्यासारखं इतकं दुखलं की रडू आलं. नंतर लालबुंद झाला आणि चार-पाच दिवस हुळहुळत होता.

मीरा: ती हिमदंशाच्या आधीची पायरी होती गं, थोडक्यात वाचलीस. चोळायचं अजिबात नाही, बर्फाने तर नाहीच. गोठलेल्या कातडीत आत बारीक इजा होते. बुखारीची आच बधिर अंगठ्याला कळत नाही. बूट काढून कोरडं करायचं, कुणाच्या तरी काखेत किंवा पोटाशी बोटं धरायची. तरी पांढरं, मेणासारखं आणि कडक लागत असेल तर खाली येऊन ३७ ते ३९ अंश सेल्सियसच्या पाण्यात बुडवायचं. पाणी दुसऱ्याने कोपर घालून बघायचं, फक्त कोमट लागलं पाहिजे. आणि डॉक्टरकडे जायचं. पण परत गारठ्यात जावं लागणार असेल तर तिथे वर असतानाच गरम करायचं नाही, वितळून पुन्हा गोठलं तर नुकसान जास्त होतं. एकदा दुखावलेलं बोट पुढच्या वेळी लवकर गारठतं, म्हणून यंदा उजव्या अंगठ्यावर खास लक्ष ठेव.

सुनंदा: हे मी वहीत लिहून घेतलं. गोंडोलाने अगदी वर, अफरवटच्या डोंगरावर जायची पण इच्छा आहे, फक्त बघायला.

अनुजा: जा की. पण हिशेब ठेव, गुलमर्ग साधारण २६५० मीटरवर आणि वरचं स्टेशन ३९०० मीटरच्या वर. हजार मीटरला सहा-साडेसहा अंश उतरतात. खाली उणे चार असेल तर वर उणे बारा, वारा वेगळाच. वर जाताना मोजे गोंडोलातच सुरू कर. बोटं गार पडल्यावर हीटर लावला तर तो त्यांना सहज परत गरम करू शकत नाही, आधीपासून मंद लावला तर टिकवून धरतो. स्की करताना बंद किंवा अगदी कमी, नाहीतर घाम येतो आणि तोच पुढे गार करतो. लिफ्टवर, रांगेत उभं राहताना वाढव.

ओंकार: बॅटरीचं मी बघून सांगतो. आत्ता जे मोजे बघतोय त्यांची बॅटरी ७.४ व्होल्ट, २२०० मिलिअँपिअर-अवरची आहे, म्हणजे एका पायाला साधारण १६ वॉट-अवर. विमानात १०० वॉट-अवरपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही, पण मोज्यातून काढून हातातल्या बॅगेत ठेवायच्या. सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इन सामानात चालत नाहीत. थंडीत बॅटरी लवकर दम सोडते, म्हणून डब्यावर लिहिलेल्या तासांच्या निम्मेच धर. तिथे वीज जाते, तेव्हा खोलीवर आल्या आल्या चार्जिंगला लाव, झोपताना नको. मी पॉवर बँक पण देतो.

सुनंदा: अरे, किती करताय सगळे. आणि दुकानात बूट घेताना काय बघू? तिथे माझी जीभच उचलत नाही.

अनुजा: बिनधास्त बोल मावशी, पाय तुझा आहे. आज रात्रीच भिंतीला टाच टेकवून कागदावर उभी राहा आणि सर्वात लांब बोटापर्यंत सेंटिमीटरमध्ये मोज, दोन्ही पाय. स्की बुटाचा नंबर म्हणजे हेच सेंटिमीटर. दुकानात लायनर बाहेर काढायला सांग आणि आत हात घाल, दमट लागला तर दुसरा माग. मग नुसत्या कवचात पाय घालून बोटं पुढे टेकव, टाचेमागे हाताची एक ते दोन बोटं मावतील एवढी जागा हवी. लायनर घालून सरळ उभी राहिलीस की बोटं पुढे हलकी टेकतील, गुडघे वाकवले की मागे सरकतील. तसं झालं की तो तुझा बूट. खालची, पावलावरची बकलं अगदी हलकी लाव, घोट्याजवळचं नीट. जेवायला बसलीस की सगळी सोड. बोटं गार वाटली तर स्की काढून पाय लंबकासारखा जोरात मागेपुढे झुलव, रक्त बोटांपर्यंत उतरतं.

रात्री बूट खोलीतच आण. लायनर काढून आत वर्तमानपत्राचे बोळे भर, तासाभराने बदल. बुखारीपासून लांब ठेव, प्लॅस्टिक आणि गोंद दोन्ही बिघडतात. आणि सकाळी पोटभर खाऊन निघ. उपाशी माणसाचे पाय आधी गारठतात.

नाना: आणि टोपी. कान झाकले पाहिजेत.

सुनंदा: मोजून आले. डावा २३.६, उजवा २३.९.

अनुजा: मग २४ किंवा २४.५ माग. बहुतेक बुटांत दोघांचं कवच एकच असतं, लायनर घालून बघून ठरव. आणि गरम मोजे आत्ताच घेतलेस तर महिनाभर घरात घालून, चालू-बंद करून, हाताने धुऊन बघ. तिथे पहिल्यांदा डबा उघडू नकोस.

ओंकार: आत्या, मी उद्या मागवतो. लहान माप, गुडघ्यापर्यंतचे. काकांसाठी नाही.

शशिकांत: माझ्यासाठी नाही, समजलं.

शैला: आणि माझ्या मोज्यांचं काय ठरलं?

अनुजा: आई, तेच लिहिणार होते. संध्याकाळी बूट उतरवून पाय पुसले की मावशीला कोरडं, जाड, सैल काहीतरी लागणारच आहे, आणि काकांनाही. तिथल्या खोल्यांतली जमीन बर्फासारखी गार असते. काकांचे मात्र वरच्या काठाला घट्ट नकोत, आणि आतल्या बाजूला गाठी नकोत.

शैला: गाठी बाहेरच्या बाजूने घेईन. शशिकांतरावांचं माप पाठव गं सुनंदा. मरून लोकर दोन जोडांपुरती आहे, उद्या दुपारी सुरू करते.