चर्च निवडताना बाप्तिस्म्याचा प्रश्न आधी विचारावा

वसईच्या कॅथलिक घरात वाढलेल्या, नोकरीनिमित्त रत्नागिरीत आलेल्या आणि तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा (पाण्याने होणारा ख्रिस्ती दीक्षाविधी) न पटणाऱ्या प्रश्नकर्त्यांनी ‘आता कोणत्या चर्चमध्ये जावे?’ असे विचारले आहे; त्यांना मिळालेला ‘घराजवळचे चर्च गाठा’ हा सल्ला मला अपुरा वाटतो.

1970 मध्ये अँग्लिकन, बाप्टिस्ट, ब्रदरन आदी सहा प्रोटेस्टंट परंपरा एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले, तेव्हा बालबाप्तिस्मा आणि जाणत्या वयात स्वतः विश्वास कबूल करून घेतलेला बाप्तिस्मा या दोन्ही पद्धती मान्य ठरल्या. त्यामुळे आपल्या बाळाचा निर्णय त्याच्यावर सोपवण्यास तेथे वाव आहे. मात्र एकदा झालेला बाप्तिस्मा तेथे पुन्हा दिला जात नाही. पवित्र आत्म्याच्या अनुभवावर भर देणाऱ्या पेंटेकॉस्टल मंडळ्या याउलट बालपणीचा बाप्तिस्मा सहसा ग्राह्य धरत नाहीत आणि प्रौढाला पूर्ण पाण्यात बुडवून तो नव्याने देतात. म्हणजे प्रश्न बाळापुरता राहत नाही, तुमच्या स्वतःच्या बाप्तिस्म्यापर्यंत येतो.

दुसरा मुद्दा प्रभुभोजनाचा, म्हणजे उपासनेत भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीचा. मिस्सेतील (कॅथलिक उपासनेतील) भाकर खरोखर ख्रिस्ताचे शरीर बनते, ही श्रद्धा तुमच्या मनात अजून असेल, तर प्रभुभोजनाला ख्रिस्ताचे केवळ स्मरण मानणाऱ्या मंडळीत तुम्हाला परके वाटेल. पाळकांना भेटाल तेव्हा हे दोन्ही प्रश्न स्पष्ट विचारावेत.