ओला चोथा आणि मुंबईचा पावसाळा
गोरेगावच्या म्हशींच्या तबेल्यासाठी बिअर कारखान्याचा ओला चोथा (बिअर काढल्यावर उरलेलं धान्य, जनावरांचं खाद्य) आठवडाभराचा एकदम भरून ठेवावा का, असं एकाने विचारलंय. जुलैत तरी नकोच. त्यात साधारण ७५ ते ८० टक्के पाणी. इथल्या दमट हवेत दोन-तीन दिवसांत आंबूस वास सुटतो, वर पांढरी-हिरवी बुरशी धरते. वरचा थर खरवडून खालचा म्हशींना घालायचा, हा नेहमीचा उद्योग! पण बुरशीचं विष डोळ्यांना दिसत नाही, आणि अफ्लाटॉक्सिन या अशाच बुरशीच्या विषाचा अंश दुधात उतरतो. ठेवायचाच तर पिंपात दाबून भरा, प्लास्टिकने हवाबंद करा. चोथ्याच्या जोडीला भाताचा कोंडा घालत असाल, तर तेल काढलेलाच घ्या, साधा लवकर खवट होतो. कोंड्यात फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम कमी. तेव्हा आंबोणात (जनावरांच्या भिजवलेल्या खुराकात) खनिज मिश्रण हवंच.