'हेरिटेज रिसोर्स'ला मराठीत काय म्हणायचं?

निशिगंध
माझी भाची कॅनडात, ब्रिटिश कोलंबियात, पुरातत्त्वाचं काम करते. नोकरी सांभाळून आता ती सायमन फ्रेझर विद्यापीठातून एम.ए. करते आहे. विषय 'हेरिटेज रिसोर्स मॅनेजमेंट'. संगमनेरला माझ्या आईने विचारलं, "पोरगी काय शिकते गं?" मी म्हटलं, 'वारसा संसाधन व्यवस्थापन'. आई म्हणाली, "कुणाच्या जमिनीचा वारसा?" वारसा म्हटलं की तिला तलाठ्याकडची वारसनोंद आठवते, आणि त्यात तिचं काहीच चुकत नाही. रविवारी भाचीचा फोन येईल, त्याआधी आईला नीट सांगायचंय. अभ्यासात कायदा, कामातली नीती, धंद्याची बाजू (कंत्राटं, खर्चाचा अंदाज, माणसं सांभाळणं), संशोधनाची आखणी आणि शेवटी प्रबंध आहे. शब्द सुचवा.

दक्खनी
'संसाधन' हिंदीच्या वाटेने आलं. आपल्याकडे 'साधनसंपत्ती' आहे. 'वारसा' मुळात अरबी. संस्कृतात 'दाय' आहे, त्यावरूनच 'दायाद', म्हणजे वारस. 'दायसंपदा' का नको?

गोधडी
काका, 'दाय' निशिगंधताईंच्या आईंना कळेल का? 'हक्क', 'मालक', 'दावा' हेही अरबीतूनच आले आणि आता आपलेच आहेत. मला 'ठेवा' आवडतो. ठेवा म्हटला की तो कुणीतरी आपल्यासाठी ठेवलेला असतो, हे आपोआप येतं.

चार_नंबरचा_थर
घोटाळा 'रिसोर्स'मध्ये आहे, वारशात नाही. तिकडे रस्ता, पाइपलाइन, घरं, काहीही बांधायचं असलं की आधी जागा तपासून घेतात. हे काम बहुतेक खाजगी सल्लागार कंपन्या करतात. ब्रिटिश कोलंबियाच्या कायद्याने १८४६ पूर्वीच्या पुरातत्त्वीय जागांना संरक्षण आहे. जमीन खाजगी असो, जागेची नोंद झालेली नसो, तरीही. म्हणून पोरांना खणण्याबरोबर कायदा आणि कंत्राटही शिकावं लागतं. काम काय, तर बांधकाम बाजूला सरकवता येईल का ते बघायचं, आणि नाहीच सरकलं तर जागा नष्ट होण्याआधी ती वाचून, नोंदवून घ्यायची. कारण ती एकदाच वाचता येते. खणलेला थर परत घालता येत नाही. 'साधनसंपत्ती' म्हटलं की वापरायची वस्तू वाटते, ते मला खटकतं. तिथल्या आदिवासी समाजांतल्या कित्येकांनाही 'रिसोर्स' खटकतो. पूर्वजांची हाडं ही कुणाची संपत्ती?

आपल्याकडेही हे झालंच आहे. आंध्रातल्या नागार्जुनकोंड्याला धरण येणार म्हणून १९५४ ते १९६० सलग खणलं आणि वास्तू उचलून वर नेल्या. त्याला 'बचाव उत्खनन' म्हणतात.

दक्खनी
'उत्खनन' जपून वापरा. महसुलात उत्खनन म्हणजे मुरूम, वाळू, खडी.

चार_नंबरचा_थर
अगदी खरं. एका गावात आम्ही 'उत्खननास परवानगी' असा कागद दाखवला, तर पहिला प्रश्न आला, "किती ब्रास?" कामावरच्या बायकांनी मात्र पहिल्या दिवसापासून 'खणती' म्हटलं. खापरं धुऊन गोणपाटावर वाळवायची, मग आतल्या बाजूला काळ्या शाईने गावाची अक्षरं, खड्ड्याचा नंबर, थराचा नंबर. कुठलं खापर कुठल्या खड्ड्यातलं हे त्यातल्या एक मावशी नंबर न वाचता सांगायच्या. आमच्या 'साइट'लाही त्या कधी साइट म्हणाल्या नाहीत. 'पांढर' म्हणायच्या.

गोधडी
पांढर! गावाची काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेत, पांढरी म्हणजे वस्तीची जागा. पिढ्यान्‌पिढ्या राख, शेण, पडक्या भिंतींची माती साचून जमीन पांढरट होते. आमच्या आजोळी माळवदावर घालायला तीच माती आणायचे, कारण पाणी झिरपत नाही. लोक बैलगाड्या भरभरून न्यायचे. त्या मातीत खापरं निघायची, ती आम्ही मुलं ठिकरीच्या खेळाला वापरायचो. आज आठवलं की जीव कळवळतो.

चार_नंबरचा_थर
खत म्हणूनही शेतात टाकतात. पांढरीच्या टेकड्या अशाच खचल्या. निशिगंधताई, तुमच्या संगमनेर तालुक्यातलंच जोर्वे बघा. प्रवरेकाठचं हे गाव १९५०-५१ साली खणलं आणि तिथल्या लाल रंगावर काळी नक्षी असलेल्या खापरांवरून अख्ख्या ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीला जोर्वे हे नाव पडलं.

निशिगंध
आईला म्हटलं, "पोरगी पांढर राखायचं शिकते. कुणी बांधायला आलं की आधी पांढर तपासते." तिला एका वाक्यात कळलं! म्हणाली, "आमच्या पांढरीवर तर पाण्याची टाकी बांधली, तेव्हा कुणी नाही आलं." मला काही बोलता आलं नाही.

दक्खनी
आईंना कळलं हे चांगलं झालं. पण भाषांतर म्हणून मला पटत नाही. पांढर म्हणजे वस्तीची जागा. ब्रिटिश कोलंबियात साल काढून घेतल्याच्या खुणा असलेली 'रेड सीडर'ची झाडंही वारसा म्हणून नोंदवतात. झाडाला पांढर म्हणणार?

गोधडी
झाडाला नाही. पण तिथल्या किनाऱ्यावर शिंपल्यांचे मोठाले थर आहेत, माणसांनी खाऊन टाकलेले. मातीत तेही पांढरेच दिसतात. त्यांना का नको?

दक्खनी
रंग जुळला म्हणून अर्थ जुळत नाही.

चार_नंबरचा_थर
अर्थही जुळतो, काका. दोन्हीकडे माणसं राहिली म्हणूनच माती पांढरी झाली.

सुपारीबाग
मध्येच विचारते. आमच्या कोकणात माती तांबडी. जुन्या वस्तीच्या जागेला आम्ही पांढर म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही, गावठाणच म्हणतात. कुणाच्या कानावर दुसरा शब्द आहे का?

गोधडी
आणि 'पांढर' की 'पांढरी'? आजोळी मी दोन्ही ऐकलंय. वऱ्हाड-खानदेशातल्या कुणी सांगा.