प्रतिसाद : युक्रेनला मिश्र खोकी पाठवू नका

परदेशातल्या युक्रेनियन मंडळींनी मायदेशी मदत म्हणून कपडे-औषधं एकाच खोक्यात भरून पाठवावीत, ही सूचना मला अजिबात पटत नाही. अशी खोकी पोलंडच्या गोदामात पुन्हा उघडून निवडावी लागतात, तोवर ट्रक अडकतो. एका खोक्यात एकच प्रकार. बाहेर दोन बाजूंना युक्रेनियनमध्ये वस्तूचं नाव, नग, वापरायची मुदत लिहा.

इन्सुलिनची खरी काळजी घ्या. २ ते ८ अंशच हवेत. हिवाळ्यातही लोक ते बर्फाच्या पिशव्यांना चिकटवून भरतात. गोठलं की ते निकामी, आणि वितळल्यावर दिसायला ठीक दिसू शकतं. म्हणून तापमान नोंदवणारं यंत्र आत ठेवाच.

रेल्वेने पाठवायचं तर पोलंडमध्ये दोन रुळांमधलं अंतर १४३५ मिमी, युक्रेनमध्ये १५२०, त्यामुळे गाडी सरळ पुढे जात नाही. सीमेवर माल बहुधा उतरवून चढवतात, तेव्हा खोकी पॅलेटवर (माल रचायच्या फळीवर) घट्ट बांधा. आणि तिथल्या रुग्णालयाची लेखी मागणी आधी घ्या.