मदत हवी आहे: आकड्याच्या काट्यांच्या कॅक्टसला पावसाळ्यात पाणी द्यायचं का?

बडोदा, मांजलपूर, तिसरा मजला, पश्चिमेची गॅलरी. कॅक्टस ममिलारिया ग्रॅहमी आहे, लिंबाएवढा, मधला काटा काळपट आणि टोकाला गळासारखा वाकलेला (बाहीत अडकला तर कुंडीसकट वर येतो).

बुडाशी तपकिरी कडा दिसायला लागलीय, टूथपिकने दाबली तर कडक लागते, वास नाही, पाणी सुटत नाही, पण कडा हळूहळू वर सरकतेय असं वाटतं. मातीची कुंडी, भोक मोठं, निम्म्याहून जास्त जाड रेती आणि विटांचा चुरा, बाकी कंपोस्ट. पावसाचा थेंब लागत नाही, जूनपासून पाणी बंद. बुरशीनाशकाची पावडर लावून झाली, फरक शून्य. मिलीबग (कापसासारखी पांढरी कीड) भिंगातून शोधले, नाहीत. एवढ्या दमट हवेत मुळं उघडायची नाहीयेत, त्यामुळे कुंडी बदला हा उपाय शेवटचा.

गोंधळ असा की हा मूळचा अमेरिका-मेक्सिको सीमेवरच्या ॲरिझोना-सोनोराकडचा, तिकडेही उन्हाळी पाऊस जुलै ते सप्टेंबर आणि बहुतेकदा त्या सरींनंतर त्याला गुलाबी फुलं येतात, म्हणजे वाढीच्या दिवसांतच आपण त्याला तहानलेला ठेवतो. पण तिकडची हवा लगेच कोरडी होते, इथे साधा टॉवेल वाळत नाही. नर्सरीवाले काका तर म्हणतात, "दिवाळी सुधी अडशो ज नहीं!" (दिवाळीपर्यंत हातच लावू नका!)

तर ही कडा म्हणजे जुनं होऊन खोड बनणं की कोरडी सड, कसं ओळखायचं? आणि चार दिवस उघडीप मिळाली तर खालून थोडं पाणी द्यावं, की दिवाळीपर्यंत कोरडाच ठेवावा? बडोदा-सुरतेकडे कोणी याला फुलं आणलीयेत का?