‘अपसेटिंग’ला मराठीत काय म्हणायचं?

रुग्णालयात पालकांना द्यायच्या एका पत्रकाचं मराठी भाषांतर करणाऱ्या मैत्रिणीने हा प्रश्न विचारला. घरात कोणी गंभीर आजारी असेल, कोणी गेलं असेल, तर अशा ‘अपसेटिंग’ गोष्टी लहान मुलांना कशा सांगाव्यात, हा पत्रकाचा विषय. तिने आधी ‘क्लेशदायक’ लिहिलं, मग ‘उद्वेगजनक’, मग ‘विचलित करणाऱ्या’. तिन्ही तिलाच पटेनात, आणि मलाही पटले नाहीत. अतिदक्षता विभागाबाहेर बाकावर बसलेल्या आईच्या हाती ते पत्रक पडणार आहे. तिला शब्दापाशी अडखळायला लागू नये.

आधी मूळ शब्द बघू. ‘अप’ म्हणजे वर, ‘सेट’ म्हणजे ठेवणे, मांडणे. इंग्रजीत पंधराव्या शतकाच्या सुमारास ‘अपसेट’चा अर्थ उभं करणे, उभारणे असाच होता. म्हणजे आजच्या अर्थाच्या अगदी उलट. तो जुना अर्थ पुरता गेलेला नाही. लिलावातली ‘अपसेट प्राइस’ म्हणजे बोली जिथून सुरू होते ती किमान रक्कम, मालाला ‘उभं’ करतानाची किंमत. आपल्याकडे वाळूच्या लिलावाच्या सरकारी जाहिरातीत तिला ‘हातची किंमत’ म्हणतात. फार चांगला शब्द आहे आणि कोणालाही तो समजावून सांगावा लागत नाही.

कारखान्यातला ‘अपसेट’ आणखी वेगळा. तापवलेल्या सळईचं टोक तिच्या लांबीच्या दिशेने दाबलं की लांबी कमी होते आणि टोक फुगून जाड होतं. बोल्टची डोकी, इंजिनातले व्हॉल्व्ह असेच घडवतात. फोर्जिंगमध्ये काम करणाऱ्याला ‘अपसेटिंग’ म्हटलं तर त्याच्या डोळ्यांपुढे हे काम येईल.

नाव उलटणे, गाडी कलंडणे यासाठी इंग्रजीत पूर्वी ‘ओव्हरसेट’ हा शब्द होता. 1800 च्या सुमारास ती जागा ‘अपसेट’ने घेतली आणि तिथून तो पोटात आणि मनात शिरला. पोट बिघडलं तरी अपसेट, मन बिघडलं तरी अपसेट. खेळातला अपसेट, म्हणजे बलाढ्याचा अनपेक्षित पराभव, हाही या उलटण्याचाच भाऊ. त्याची एक गोष्ट सारखी सांगितली जाते: 13 ऑगस्ट 1919 रोजी अमेरिकेत साराटोगाच्या शर्यतीत ‘मॅन ओ’ वॉर’ हा अजिंक्य मानला गेलेला घोडा हरला, त्याला हरवणाऱ्या घोड्याचं नावच ‘अपसेट’ होतं आणि तेव्हापासून हा अर्थ रूढ झाला. घोडा खरा, निकालही खरा; ‘मॅन ओ’ वॉर’च्या 21 शर्यतींमधला तो एकमेव पराभव. पण शर्यतीच्या बातम्यांत या अर्थाने ‘अपसेट’ त्याआधीच, एकोणिसाव्या शतकात वापरला जात होता. आपल्याकडे या अर्थाचं उत्तम उदाहरण पुण्यातलं आहे. 29 फेब्रुवारी 1996, नेहरू स्टेडियम, विश्वचषक: केनियाच्या 166 धावा आणि वेस्ट इंडिज सर्वबाद 93. याला आपण ‘अपसेट’ म्हणतो किंवा ‘धक्कादायक निकाल’, आणि दोन्ही चालतात.

आता मनाचा अर्थ. खरी अडचण इथेच आहे.

‘अपसेट’ एवढंच सांगतो की आत काहीतरी कलंडलं. कुठल्या बाजूला, ते सांगत नाही. ‘शी इज अपसेट’ यात ती रडत असेल, रागावली असेल, दुखावली असेल, घाबरली असेल. मराठी मात्र ती बाजू विचारते. अपेक्षाभंग झाला तर हिरमुसणं, खट्टू होणं. सोहळा फसला तर विरस. कोणाचं बोलणं आत रुतलं तर जिव्हारी लागणं. वाट बघताना जीव वरखाली होणं. काय करावं सुचेना की घालमेल. एखादा मृत्यू चटका लावून जातो. आणि कारण कळत नाही, पण नेहमीसारखं नाही एवढं दिसतं, तेव्हा ‘त्याचं काहीतरी बिनसलंय’. हे शेवटचं मला इंग्रजी ‘अपसेट’च्या सर्वांत जवळचं वाटतं, कारण तेही बाजू सांगत नाही. पण ‘बिनसणं’ माणसाचं होतं. बातमीला ‘बिनसवणारी’ म्हणता येत नाही.

मराठी बोलणाऱ्यांनी इथे एक वाटणी आपसूक केली आहे. माणूस ‘अपसेट’ असतो, पण गोष्ट सहसा ‘अपसेटिंग’ नसते. ती ‘डिस्टर्बिंग’ असते. ‘फार डिस्टर्बिंग बातमी आहे’ हे रोज कानावर पडतं. इंग्रजीत मात्र दोघांत फरक आहे आणि भाषांतर करताना तो सोडू नये. सहल रद्द होणं, पाळलेलं मांजर मरणं, आजोबांना रुग्णालयात न्यावं लागणं, हे मुलासाठी ‘अपसेटिंग’ आहे. त्यात विकृत किंवा भयंकर असं काही असावं लागत नाही. ‘डिस्टर्बिंग’मध्ये काहीतरी मुळातच चुकीचं आहे अशी जाणीव असते, ती नंतरही पाठ सोडत नाही. ‘डिस्ट्रेसिंग’ या दोघांहून जड.

‘विचलित’ म्हणूनच या पत्रकात नको. वृत्तवाहिन्यांनी तो शब्द अपघात आणि हिंसेच्या दृश्यांना चिकटवून टाकला आहे. शिवाय ‘विचलित न होता’ ही आपल्याकडे स्तुती आहे. मग विचलित होणं हा कमकुवतपणा ठरतो, आणि रडणाऱ्या मुलाकडे तसं बघायला कोणी शिकवू नये. ‘उद्वेगजनक’ची परंपरा मोठी आहे, गीतेच्या सतराव्या अध्यायात वाणीचं तप सांगताना ‘अनुद्वेगकरं वाक्यम्’ आलं आहे, दुसऱ्याचं मन न ढवळणारं बोलणं. पण आजच्या मराठीत उद्वेग म्हणजे वैतागाचं, कंटाळल्याचं टोक. ‘उद्वेगाने ते म्हणाले’ असं आपण लिहितो. आजोबा गेल्यावर नातवाला उद्वेग येत नाही.

‘अस्वस्थ करणाऱ्या’ अनेकांना सुचेल. इतरत्र मीही तोच घेईन. रुग्णालयाच्या पत्रकात मात्र तो फसतो. तिथे ‘पेशंटला अस्वस्थ वाटतंय’ म्हणजे छातीत कसंतरी होतंय, नर्सला बोलवा. एकाच कागदावर दोन अर्थ भांडायला लागतील.

मग काय लिहायचं? माझं मत असं की एका विशेषणाचा हट्ट सोडावा. मराठीत भावना बहुधा विशेषणात बसत नाही, ती क्रियापदात येते: वाईट वाटतं, मनाला लागतं, त्रास होतो, भीती वाटते. शीर्षकासाठी मी सुचवलं: ‘मनाला त्रास होईल अशा गोष्टी मुलांना कशा सांगाव्यात’. लांब आहे, पण वाचताक्षणी कळतं. आत जिथे ‘इफ युअर चाइल्ड इज अपसेट’ आलं आहे, तिथे प्रत्येक ठिकाणी पुढचं वाक्य वाचून ठरवावं. पुढे मूल रडेल, बिलगेल असं असेल तर ‘मुलाला वाईट वाटत असेल तर’. पुढे ते दार आपटेल, बोलणार नाही असं असेल तर ‘मूल चिडलं असेल, गप्प झालं असेल तर’. दिवा मालवू देत नाही असं असेल तर सरळ ‘घाबरलं असेल तर’. आईला त्या क्षणी नेमकं काय दिसतंय ते लिहिलं, तर तिला पुढचं वाक्य उपयोगी पडेल.

एक जागा मात्र मी तशीच ठेवायला सांगितली. पत्रकात चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीच्या तोंडचं एक वाक्य आहे: मी अपसेट आहे, पण मला आत्ता बोलायचं नाही. ते ‘मी अपसेट आहे’ असंच राहू द्यावं. त्या वयाची मुलं मराठीतही हेच म्हणतात. रडू येतंय की राग, हे तिला सांगायचं नाहीये, आणि तिथे हा शब्द तिच्या कामाचा आहे.